कालचाच भात ना?

परातीत पसरलेल्या भातावर मी टेबलफॅन सोडला होता. केशराने पिवळाधमक झालेला, लोणी आणि किसलेलं चीज मुरलेला भात, अजून वाफाळत असलेला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि आठ वाजता चार माणसं जेवायला यायची होती. आई देवापाशी दिवा लावून स्वयंपाकघरात आली. परातीपाशी थांबली. एक शीत उचलून तिने अंगठा आणि तर्जनीत दाबलं, मग बोटं एकमेकांपासून हळूच सोडवली आणि विचारलं, ‘‘कालचाच भात ना?’’

‘‘नाही गं आई,’’ मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ‘‘हे काही उरलेल्या भाताचे वडे नाहीत. मुद्दाम केलाय हा भात. ताजा आहे.’’ त्या ‘ताजा’वर मी दिलेला जोर मला आजही ऐकू येतो. आई ‘‘बरं’’ म्हणाली, पदराला बोटं पुसली आणि बाहेर जाऊन मेथी निवडत बसली.

त्या संध्याकाळी मी बारा आरान्चिना तळल्या. त्यातल्या पाच तेलात फुटल्या. आधी एक केसाएवढी चीर पडायची, त्यातून बारीक बुडबुडे यायचे आणि झारा फिरवेपर्यंत पोटातलं वांग्याचं सारण बाहेर येऊन तेल असं तडतडायचं की मागे सरावं लागायचं. ब्रेडचा चुरा सुटून तळाशी जाऊन काळा पडला. उरलेल्या सात मी चांगली बाजू वर करून ताटात मांडल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं, रेसिपी मागितली. आईने एक खाल्ली, ‘‘केशराचा वास छान आलाय’’ म्हणाली. रात्री कढई घासताना मला फुटलेल्या पाचांचं फार काही वाटत नव्हतं. स्वयंपाकात असं होतंच. सलत होतं ते आईचं ‘बरं’. त्या एका शब्दात ती किती मागे सरली होती, ते मला तेव्हा कळलं होतं आणि तरीही मी पंख्याचं बटण एकने वाढवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

आरान्चिना म्हणजे इटलीच्या सिसिली बेटावरचा भाताचा तळलेला गोळा. वरणभाताची मूद डोळ्यांसमोर आणा. तिच्या पोटात सारण भरून ती सगळीकडून बंद केली, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवली आणि तळून तांबूस केली, की झाली आरान्चिना. पण मूद वाटीने पडते. आरान्चिना तळहातावर घडवावी लागते, आणि ते घडवणं मी सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोत, शिकले.

दोन वर्षं राहिलो आम्ही तिथे, कापोच्या बाजारामागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सहाला खालून मासेवाल्यांच्या आरोळ्या यायच्या, सुरात, शेवटचं अक्षर लांबवत. पहिल्या आठवड्यात मी बाल्कनीत उभी राहून त्या ऐकताना मंडईतल्या पहाटेच्या आठवणीने रडले होते. खाली कोपऱ्यावर तळणीचं दुकान होतं. तिथे ‘पानेल्ले’ मिळायचे. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, वड्या पाडून तळलेले, वर लिंबू पिळून पावात घालून दिलेले. पहिला घास घेतल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, ‘‘पाटवड्या!’’ त्या दिवसापासून ते शहर मला परकं वाटेनासं झालं. पुढे कितीतरी अडचणी आल्या, कागदपत्रांच्या रांगा, भाषा, घराची ओल, पण ज्या गावात डाळीच्या पिठाच्या वड्या तळून खातात तिथे आपलं निभेल असं मला मनापासून वाटत राहिलं.

खालच्या मजल्यावर एक सिन्योरा राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या. जिन्यात भेटल्या की माझ्या पिशवीत डोकावून भाजी कितीला घेतली ते विचारायच्या आणि मी फसले असेन तर दुकानदाराचं नाव विचारून घ्यायच्या. त्यांनीच मला १३ डिसेंबरला सकाळी खाली बोलावलं. तो सांता लुचिया या संतिणीचा दिवस. त्या दिवशी पालेर्मोत पाव खात नाहीत, पास्ता खात नाहीत. १६४६ साली मोठा दुष्काळ पडला असताना संतिणीच्या दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांना दळायचाही धीर निघाला नाही, त्यांनी गहू तसाच उकडून खाल्ला, अशी गोष्ट तिथे सांगतात. म्हणून त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. उकडलेल्या अख्ख्या गव्हात गोड रिकोटा, म्हणजे मऊ ताजं चीज, घालून ‘कुच्चिया’ करतात, ती खाताना मला घरची गव्हाची खीर आठवली. गूळ नव्हता, वेलची-जायफळ नव्हतं, पण दाताखाली येणारा गव्हाचा दाणा तोच. आणि कुच्चियाच्या जोडीला दिवसभर आरान्चिना. सकाळपासून दुकानांपुढे रांगा. गल्लीगल्लीतून तेलाचा वास. खिम्याच्या, हॅम आणि चीजच्या, पालकाच्या, रात्री तर चॉकलेट भरून साखरेत घोळवलेल्यासुद्धा. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आपल्याकडे म्हणतात ते मी सिन्योरांना मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. त्यांना ते फार पटलं. उपास देवासाठी असतो आणि जेवण माणसांसाठी, त्यात भांडण कसलं, असं काहीसं त्या म्हणाल्या.

त्यांच्या ओट्यावर संगमरवराची फरशी होती, मधोमध थोडी झिजलेली. भात त्यावर आधीच पसरलेला होता. मी हात धुऊन उभी राहिले आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, आमच्याकडेही उरलेल्या भाताचे वडे करतात. सिन्योरांनी हातातला चमचा खाली ठेवला. ‘‘उरलेल्या?’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाही. रोमवाले करत असतील.’’ रोममध्ये याच जातीचा ‘सुप्प्ली’ नावाचा पदार्थ असतो, लांबोळका, टोमॅटोच्या रश्शातल्या भाताचा, मोडला की आतल्या मोझरेल्लाची तार निघते. तो त्यांना मान्य नव्हता. आरान्चिनाचा भात आरान्चिनासाठीच शिजवायचा, हे त्यांनी बोट उंचावून सांगितलं. मला तो ताठा आवडला. आपल्या घरात अशी प्रतिष्ठा पुरणपोळीशिवाय कुठल्या पदार्थाला मिळालेली मी पाहिली नव्हती. ‘मुद्दाम केलाय हा भात’ हे वाक्य मी तिथून उचललं होतं. आईवर वापरायला नव्हे, पण उचललं होतं.

नावाचीही तिथे तशीच चुरस. पालेर्मोत ती ‘आरान्चिना’, स्त्रीलिंगी, गोल. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कातानियात तो ‘आरान्चिनो’, पुल्लिंगी, वर टोक असलेला, एटना पर्वतासारखा. हा वाद इतका पेटतो की २०१६ मध्ये इटालियन भाषेची जुनी संस्था, आक्काडेमिया देल्ला क्रुस्का, हिला दोन्ही रूपं बरोबर असल्याचं समजावून सांगावं लागलं. संत्र्याला इटालियनमध्ये आरान्चा म्हणतात, त्याचं लाडकं छोटं रूप आरान्चिना, म्हणजे इवलंसं संत्रं. सिसिलियन बोलीत मात्र ते फळ पुल्लिंगी, म्हणून आरान्चिनो. सिन्योरांना हे पटलं नव्हतं. मला त्या वादापेक्षा शब्दाच्या प्रवासाने जास्त धरून ठेवलं. आरान्चा आला अरबी नारंजवरून, नारंज फारसी नारंगवरून आणि नारंग संस्कृत नारङ्गवरून. म्हणजे आपलं नारिंग. अरबांनी ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं, अडीचशेच्या आसपास वर्षं तिथे राज्य केलं, लिंबू-नारिंगाच्या बागा लावल्या, पाटाचं पाणी खेळवलं. भात, ऊस, केशर यांचंही श्रेय तिथली माणसं त्यांनाच देतात. आरान्चिना मात्र तेवढी जुनी असेलच असं नाही. टोमॅटो तर अमेरिकेतून फार पुढे आला, आणि १८५७ मधल्या एका सिसिलियन शब्दकोशात ‘आरान्चिनु’ म्हणजे संत्र्याच्या आकाराचा भाताचा गोड पदार्थ असा अर्थ दिलेला आहे. गोड! तो कसा लागत असेल याचा मी कितीदा विचार केला आहे. नारळीभाताचा लाडू वळून तळला तर?

सिन्योरांचा हात बघण्यासारखा होता. डावा पंजा पाण्यात बुडवून झटकायचा. त्यावर लिंबाएवढा नव्हे, चांगला मोसंब्याएवढा भात घ्यायचा. तो पंजा किंचित मिटला की भाताची वाटी होते. उजव्या हाताच्या अंगठ्याने तिच्या कडा वर चढवायच्या, तळ जाड ठेवायचा, कडा पातळ. त्यात दाट रागू, म्हणजे खिम्याचा वाटाणे घातलेला, पाण्याचा अंश न उरलेला रस्सा, आणि काचोकावाल्लो चीजचा तुकडा. वरून भाताची टोपी. मग दोन्ही हातांत फिरवत, दाबत, पुन्हा फिरवत गोळा घट्ट करायचा. आत हवा राहता कामा नये. पहिल्यांदा वाटी करताना माझी बोटं आपोआप मोदकाच्या पारीला फिरतात तशी फिरली. सिन्योरांनी माझा हात धरला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? ‘‘आईने,’’ मी म्हटलं. ‘‘मग मी काय शिकवू?’’ असं म्हणून त्या लेगा कालवायला वळल्या. लेगा म्हणजे मैदा आणि पाणी, घावनाच्या पिठाएवढं पातळ, चवीला मीठ. अंडं नाही. गोळा त्यात बुडवायचा, निथळायचा, चुऱ्यात घोळवून हलक्या हाताने दाबायचा. तेल खोल हवं, गोळा बुडेल इतकं, आणि १७० ते १८० अंशांच्या दरम्यान तापलेलं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. लाकडी चमच्याचा दांडा तेलात उभा धरून त्याभोवती बुडबुडे कसे उठतात ते त्या बघायच्या.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पाच फुटल्या.

पुढचे पंधरा दिवस मी आईशी नेहमीसारखी वागत होते. तीही. पण एकदा मनात शिरलेली गोष्ट कुठूनही वर येते. तांदूळ धुताना यायची. मी त्या दिवशी इंद्रायणी वापरला होता. इटलीतला आर्बोरियो इथे मिळतो, पण छोट्या पाकिटाची किंमत बघून हात मागे येतो, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. आरान्चिनाला हवा असतो तो आखूड दाण्याचा, शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा भात. बासमतीचा अभिमान इथे कामाचा नाही. मोकळा, सळसळीत भात ही पाहुण्यांच्या पंगतीतली कौतुकाची गोष्ट, पण मोकळ्या भाताची पारी होत नाही. इंद्रायणी मुळात चिकट. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण, आंबेमोहराच्या पोटचं, त्याला अजून तो वास आहे. आईचं माहेर कामशेतजवळचं. तिच्या लहानपणी इंद्रायणी नव्हता, आंबेमोहर होता, आणि पावसाळ्यात सगळं घर लावणीला उतरायचं.

आर्बोरियो हे पो नदीच्या खोऱ्यातलं, वेर्चेल्लीच्या बाजूचं एक गाव. त्या भागात गेल्या शतकात अगदी साठच्या दशकापर्यंत भातखाचरांत हजारो बायका कामाला यायच्या, लांबलांबच्या गावांहून, चाळीस-चाळीस दिवसांसाठी. त्यांना ‘मोंदिने’ म्हणत. पोटरीएवढ्या पाण्यात अनवाणी, डोक्यावर रुंद टोपी, कमरेत वाकून. त्यांचा एक जुना फोटो मला सापडला, तो मी फोनवर आईला दाखवला. खरं तर बोलायला निमित्त हवं होतं. म्हटलं, ‘‘बघ आई, इटलीतल्या बायका भात लावतायत.’’ आईने चष्मा नाकावर सारला, फोन लांब धरला, जवळ घेतला. ‘‘लावत नाहीयेत गं,’’ ती म्हणाली. ‘‘बेणतायत. लावणी करणारी बाई मागं मागं सरकते, नाहीतर लावलेलंच तुडवेल. ह्या पुढं चालल्यात बघ.’’

मी फोटोखालची ओळ पुन्हा वाचली. मोंदिना हा शब्दच तण काढून शेत साफ करण्यावरून आलेला. आईला इटालियनचं एक अक्षर येत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की ही बाई भाताबद्दल जेव्हा काही विचारते तेव्हा ती भाताबद्दलच विचारत असते. तिने परातीतलं शीत उचललं होतं. दाबलं होतं. बोटं हळूच सोडवून किती चिकटतंय ते पाहिलं होतं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, आणि माझ्यासमोर, माझ्या परातीत ती झाली तेव्हा मला त्यात हिणवणं ऐकू आलं.

का आलं, याचं उत्तर जुनं आहे. आमच्या घरी सकाळी आई शिळा भात खायची. ओट्यापाशी उभ्याने, पातेल्यातूनच. कधी फोडणी देऊन, पण बहुतेक वेळा ताक, मीठ आणि एक हिरवी मिरची. आम्हाला गरम पोळी, बाबांना गरम पोळी, आणि हिला कालचा भात. अकरावी-बारावीत असताना हे मला दिसायला लागलं आणि एकदा दिसल्यावर सहन होईना. घरोघरच्या बायकांच्या वाट्याला काय येतं यावर मी कॉलेजात निबंध लिहीत होते, आणि घरात हे चालू. मी आईशी भांडले. तिने ऐकलं नाही. मग मी एक उपाय काढला. संध्याकाळचा कुकर मी लावायला लागले आणि तांदूळ असे मोजून घ्यायचे की रात्री पातेलं स्वच्छ निघालं पाहिजे. वाटी काठोकाठ भरून वर बोटाने सपाट करायचे. भात उरला नाही की मला जिंकल्यासारखं वाटायचं. असं दोन-तीन वर्षं चाललं. त्याचा मला अभिमान होता, अगदी परवापर्यंत. आईला ताजं खायला लावणारी मुलगी. म्हणून तिने ‘कालचाच ना’ म्हटल्यावर मला वाटलं, अजूनही ही मला त्याच पातेल्याकडे ओढतेय.

फोटो बघून झाल्यावर मी विचारलंच. ‘‘त्या दिवशी तू कालचा भात का म्हणालीस?’’

आईला आधी आठवेना. मग म्हणाली, ‘‘अगं, गरम होता ना तो. शीत दाबलं तर बोटाला गुळासारखं आलं. त्याची पारी उभी राहते होय? मोदकाची उकड गरम मळतात, ती पिठाची. भाताचं वेगळं. भात एक रात्र गेला की आळतो. शीत शिताला धरतं पण हाताला लागत नाही. माझी आई भाताचे वडे करायची तर आदल्या दिवशी मुद्दाम जास्त टाकायची.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘मग काय. वडे खायचे म्हणजे भात उरवायला नको?’’

मी गप्प बसले. मग हळूहळू मला सिन्योरांचा ओटा दिसायला लागला. झिजलेल्या संगमरवरावर भात आधीच पसरलेला होता. सकाळी आठला मी खाली गेले होते. भात गार होता, पार गार, त्यावर ओलं फडकं होतं आणि फडकं उचलताना त्याचा पातळ पापुद्रा निघाला होता. १२ डिसेंबरच्या रात्री शिजवलेला भात. पालेर्मोतल्या डिसेंबरची थंडी, उघडी खिडकी, रात्रभर. आरान्चिनाचा भात मुद्दाम शिजवायचा हे त्यांनी बोट उंचावून सांगितलं तेवढं मी लक्षात ठेवलं. रात्र विसरले. ती सांगायची गोष्टच नव्हती त्यांच्या लेखी, कुणालाही माहीत असते. त्या बोलत होत्या तो भात कालचाच होता.

यामागचं कारण फार अवघड नाही. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. गार होताना तोच पुन्हा घट्ट बसायला लागतो, आणि गारव्यात काही तास गेले की दाणा टणक होतो. फ्रीजमधला भात कडक लागतो तो याच्यामुळे. गरम भाताचा गोळा वरून कितीही गोंडस दिसला तरी आत वाफ असते, दाण्यांची पकड सैल असते. कढईत पडला की वाफ वाट काढते. मी पंख्याने त्याची फक्त वरची बाजू गार केली होती.

‘‘आणि तो शिळा भात,’’ मी आईला म्हटलं. विषय निघालाच होता. ‘‘तू रोज खायचीस तो.’’

‘‘आवडायचा मला,’’ आई म्हणाली. अगदी साधं, भाजीत मीठ ठीक आहे म्हणावं तसं. ‘‘लावणीला जाताना सगळ्यांना तोच असायचा. ताकातला भात, कांदा. पोटाला थंड. पुण्याला आल्यावर तेवढंच तर होतं माहेरचं, सकाळचं पाच मिनिटं.’’ मग माझ्याकडे न बघता, मांडीवरची शाल सारखी करत, ‘‘तू मोजून तांदूळ घ्यायला लागलीस ना, मग तू हात धुवायला गेलीस की मी मूठभर जास्त टाकायचे. पाणीही थोडं वाढवावं लागायचं. तुला कधी कळलं नाही.’’

नाही कळलं. कधीकधी सकाळी पातेल्यात थोडा भात दिसायचा तेव्हा मला वाटायचं, आज बाबा कमी जेवले.

यात मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. तिचा तो घास कष्टाचा नव्हता याचं बरं वाटलं. आणि ज्याला मी तिची सुटका समजत होते त्यातून वाट काढायला तिला माझ्या पाठीमागे मूठभर तांदूळ चोरून टाकावे लागत होते, याने घशाशी काहीतरी आलं. घरोघरी बायकांच्या वाट्याला शिळं येतं हे काही खोटं नव्हतं. शेजारच्या काकूंना ते आवडायचं नाही, त्या तसं बोलूनही दाखवायच्या. माझा निबंध चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मी फक्त आईला कधी विचारलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा घाट घातला. या वेळी पाहुणे कुणी नाहीत. अर्धा किलो इंद्रायणी मी तोलून घेतला, तेवढ्यात आई मागून आली आणि डब्यात हात घालून एक मूठ टाकली. माझ्यासमोर. मी काही बोलले नाही. कांदा, गाजर, सेलरी उकळून केलेलं पाणी, त्यात कोमट दुधात घोटलेलं केशर, भात पाणी सगळं पिऊन घेईपर्यंत मंद आंच. आसट व्हायच्या आधी बंद. ५० ग्रॅम लोणी, मूठभर किसलेलं चीज, नीट कालवून परातीत बोटभर जाड थर. गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये. आपल्या हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, पालेर्मोची थंडी आपल्याकडे नाही. सारण वांग्याचं, कारण आई मटण खात नाही. कातानियात ‘आल्ला नोर्मा’ म्हणून तळलेलं वांगं, टोमॅटो आणि खारवलेला रिकोटा यांचं जे मिश्रण करतात ते आरान्चिनातही भरतात. वांगी आईने आणली. बियांची नको म्हणून देठापाशी दाबून, वजनाला हलकी बघून. टोमॅटो मी इतका आटवला की चमचा फिरवल्यावर तळ दिसावा. पोटात ओल गेली तर रात्रभर मुरलेला भातही वाचवू शकत नाही.

सकाळी परात बाहेर काढली. आईने एक शीत उचललं, दाबलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग तिने बांगड्या मागे सारल्या आणि पाट ओढून बसली. तिचा पहिला गोळा मोदकासारखा कळ्यांचा झाला. मी म्हटलं, कळ्या नकोत, टोपी लावायची. दुसरा बरोबर आला. तिसऱ्यापासून ती माझ्या दुप्पट वेगाने करत होती. तिच्या अंगठ्याने चढणारी भाताची कड इतकी एकसारखी होती की मी माझं काम सोडून बघत राहिले. पावसाळ्यात चिखलात आवणाच्या काड्या रोवणारा तोच अंगठा. ती करताना गप्प असते. फक्त एकदा म्हणाली, ‘‘तुझी ती सिन्योरा, तिला मुलंबाळं?’’ मी म्हटलं, एक मुलगा होता, उत्तरेला, वर्षातून एकदा यायचा. ‘‘मग तिने बारा-बारा कुणासाठी केल्या?’’ मला उत्तर देता आलं नाही. जिन्यातल्या प्रत्येक दारावर फडक्यात बांधलेल्या दोन-दोन आरान्चिना मी स्वतः नेऊन दिल्या होत्या, ते मग सांगितलं. आई ‘‘हं’’ म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

चौदा झाल्या. एकही फुटली नाही. तेलात टाकल्यावर आधी खाली गेल्या, मग सावकाश वर येऊन जागच्या जागी फिरत राहिल्या आणि रंग चढत गेला, गव्हाळ, मग बदामी, मग पिकल्या नारिंगाच्या सालीचा. पहिली मोडली तेव्हा वाफेबरोबर आधी केशर आलं आणि मागून वांगं. कवचाचा आवाज शेजारच्या खोलीत गेला असेल. दोन-दोन आम्ही खाल्ल्या, दोन-दोन तीन घरी दिल्या, मुलांनी रात्री संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले तर आई आधीच ओट्यापाशी होती. उभीच. एक आरान्चिना तिने बाजूला काढून ठेवली होती, मला माहीत नव्हतं. ती तिने वाडग्यात कुस्करली होती. पिवळा गार भात, वांग्याचा गर, मऊ पडलेलं कवच, त्यावर दही आणि चिमूटभर मीठ. मी बघत होते. तिने हिरवी मिरची मोडली, अर्धी वाडग्यात टाकली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि फडताळातून दुसरा चमचा काढला.